चामखिळीला फुटलेले पाय

चामखीळ पाडायची तर घोड्याच्या शेपटीचा केस घ्यायचा, तिच्या मुळाशी आवळून बांधायचा आणि रोज थोडा थोडा कसत जायचा. आपोआप वाळून गळते. आमच्या भागात हे कुणी कुणाला शिकवत नाही, सगळ्यांना येतंच. माझ्या वडिलांच्या मानेवरची अशीच गेली, माझ्या हनुवटीखालची अशीच गेली. त्यामुळे पिल्लाच्या डाव्या कानाच्या घडीत मला एक करडी, गुळगुळीत, मसुराच्या दाण्याएवढी चामखीळ दिसली, तेव्हा डॉक्टरच्या भानगडीत न पडता मी सरळ घोडा शोधायला निघालो.

घोडा लांब नव्हता. बाजरी निघालेल्या आमच्या मागच्या रानात खतासाठी मेंढ्या बसवल्या होत्या, आणि मेंढपाळाचं बिऱ्हाड वाहणारी घोडी बांधाला चरत होती. मी जाऊन केस मागितला.

"कुनाला झालीया चामखीळ?" मेंढपाळाने विचारलं.

"पिल्लाला."

"शिंगराला?"

"नाही, कुत्र्याच्या पिल्लाला."

तो थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिला. ज्याच्या रानात आपल्या मेंढ्या बसल्यात त्याला हसावं की नाही, असा त्याला प्रश्न पडला असावा. "न्या की," तो म्हणाला. "शेपटी भरून हाय."

मी केस बांधला. पिल्लू मांडीवर उताणं पडून शांतपणे बांधून घेत होतं. त्याला वाटलं, लाड चाललेत. मग रोज सकाळी ओसरीवरच्या उन्हात मी तो केस हळूच कसायचो. चामखीळ वाळायच्या ऐवजी वाढायला लागली. मसुराची तूर, तुरीचा वाटाणा झाला. "मुळाशी आवळली की आधी सुजते, मग गळते," असं मी बायकोला समजावून सांगितलं. ती मेथी निवडत होती. तिने काही विचारलंही नव्हतं.

शेवटी एका सकाळी मी तिला हाक मारली. "ये, बघ. आज गळणार."

ती आली. आधी उभ्यानेच बघितलं. मग कमरेत वाकली. मग डोळ्यांवर चष्मा चढवून पुन्हा वाकली.

"अहो," ती म्हणाली, "चामखिळीला पाय असतात का?"

घोड्याच्या केसाच्या फासात अडकलेले बारीक बारीक पाय हवेत हलत होते. ती गोचीड होती. मी गोचिडीला आठवडाभर दावं बांधून, उन्हात बसवून, पिल्लाच्या रक्तावर पोसलं होतं.

आता सांगायला लाज वाटते, पण सांगतो. सोनईच्या बाजाररस्त्याला माझं शेतीच्या औषधांचं दुकान आहे. माझ्या खुर्चीच्या मागच्या फळीवर गोचिडीच्या औषधाच्या बाटल्या ओळीने उभ्या असतात. गाईच्या कासेला गोचीड दिसली की थांबू नका, असं मी रोज दोन-तीन शेतकऱ्यांना दरडावून सांगतो. पण गोठ्यात गोचिडी झुंडीने दिसतात, काळ्या, गच्च, शेणाने माखलेल्या. एकटी, स्वच्छ, कानात मुकाट बसलेली गोचीड मी ओळखली नाही. चोर बाजारात ओळखू येतो. घरात पाहुणा म्हणून येऊन बसला की आपण त्याला चहा पाजतो.

मी केस धरून ओढायला गेलो तर बायकोने हात धरला. "ओढू नका, मुंडकं आत राहील." ती आतून भुवयांचा चिमटा घेऊन आली, पिल्लाचा कान दोन बोटांत धरला आणि गोचीड मुळापासून सावकाश उचलून फिनेलच्या झाकणात टाकली. मग नळाखाली साबणाने हात धुतले. फार वेळ धुतले. पदराला पुसत मागे न बघता म्हणाली, "आता?"

त्या एका शब्दात काय काय होतं ते मला माहीत होतं, वाचणाऱ्यालाही सांगायला हवं.

आमच्याकडे याआधी एक कुत्रा होता. तांबडा, थोराड, आळशी. माझ्या नावावर आणलेला, पण राहिला तिच्यामागे. ती गोठ्यात गेली की हा गोठ्यात, ती गाईंच्या चाऱ्याचा घास कापायला गेली की हा बांधावर. एका पावसाळ्यात तो गोचीड तापाने गेला. युरियाची गाडी आली होती, दुकानापुढे रांग होती, आणि घरचा फोन मी दोनदा "नंतर करतो" म्हणून ठेवला. घरी पोचलो तेव्हा तिने एकटीने खड्डासुद्धा खणला होता. त्यानंतर बरेच दिवस भाकरी थापताना एक जास्तीची होत राहिली. ती गाईला घालायची. मग एक दिवस मीठ संपलंय म्हणावं तशा आवाजात ती म्हणाली, "ह्या दारात आता कुत्रं नको."

मी हो म्हणालो होतो. पण आमचा मुलगा सुप्याला कंपनीत आहे, त्याला भेटायला गेलो तर त्याच्या खोलीमागे कुत्री व्यालेली. बियाण्याच्या रिकाम्या खोक्यात घालून एक पिल्लू मी घेऊन आलो. बायकोने खोक्यात डोकावलं. "आणलंत ना? आता तुमचं तुम्ही बघा."

आणि तिने शब्द पाळला. पिल्लाचं खाणंपिणं, घाण, सगळं माझ्याकडे. अंगणात पडलेल्या पोत्याला वळसा घालून जावं तशी ती त्याला वळसा घालून जायची. पिल्लाला मात्र तेवढी अक्कल नव्हती. ते नेमकं तिच्याच चपलांवर झोपायचं. ती त्याच्या खालून चपला अलगद ओढून घ्यायची, त्याला जाग येऊ न देता, पण त्याच्याकडे बघायची नाही.

तर असं ते "आता?" होतं.

मी त्याच दुपारी दुकानातून एक बाटली घरी आणली. एक गोचीड दिसली म्हणजे गोठ्याच्या भिंतीत आणखी असणार, पिल्लाला एकदा धुऊन काढावं. बाटलीवर गाईचं चित्र होतं. गाईला इतकं, वासराला त्याच्या निम्मं, मग पिल्लाला त्याच्या निम्म्याच्या निम्मं, असा हिशेब करत मी झाकण बादलीवर तिरकं केलं, ढवळलं. पिल्लू बादलीच्या कडेला पुढचे पाय टेकून आत बघत होतं. बायकोने येऊन बादलीच उचलली आणि गोठ्याच्या भिंतीच्या भेगांवर फडाफडा मारली.

"भिंतीला द्या," ती म्हणाली. "तिला ताप येत न्हाई. आन् डॉक्टरला फोन लावा."

राहुरीला कुत्र्या-मांजरांच्या एक डॉक्टर बाई आहेत. मी फोन लावला. त्यांचा पहिला प्रश्न, "दुकानातलं काही लावलं नाही ना? एवढ्या लहान पिल्लाला गुरांच्या औषधाने झटके येतात."

"छे छे," मी म्हणालो. बायको रिकामी बादली हातात घेऊन माझ्याकडे बघत होती.

डॉक्टर बाई म्हणाल्या, प्रत्येक गोचीड ताप देतेच असं नाही. पण ही बरेच दिवस अंगावर होती, तेव्हा दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा. खाणं सोडतंय का, अंग तापतंय का, हिरड्या पांढऱ्या पडतायत का, लघवी लालसर होतेय का. यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. लगेच घेऊन या.

"थांबू नका." माझंच वाक्य, मलाच ऐकवलं.

मग सुरू झालं लक्ष ठेवणं. मी पिल्लाचा ओठ वर करून हिरड्या बघायला लागलो. सकाळी उठल्यावर, दुकानात जाताना, जेवायला आल्यावर, गेटपर्यंत जाऊन परत येऊन. पण गुलाबी म्हणजे किती गुलाबी? मी आरशासमोर उभा राहून माझ्या हिरड्या बघितल्या. तंबाखू सोडून वर्षं झाली तरी त्या कुठल्याच रंगाच्या नव्हत्या. मग बायकोला म्हणालो, "जरा तुझ्या हिरड्या दाखव."

"कशाला?"

"जोखायला."

ती उठून आत गेली.

थर्मामीटरचं त्याहून अवघड झालं. कुत्र्याचा ताप तोंडात बघत नाहीत हे मला ठाऊक होतं, पण घरात थर्मामीटर एकच होता. काम झाल्यावर मी तो नीट धुऊन, पुसून कपाटात ठेवायला गेलो. "तो परत ह्या कपाटात दिसला तर मी माहेरी जाईन," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. मी तो दुकानात नेऊन ठेवला.

दुकानात बातमी माझ्याआधी पोचली होती. चामखिळीचं पुढे काय झालं ते मेंढपाळाला घरून कळलं होतं, आणि न हसण्याचा निर्णय त्याला शेवटी निभला नसावा. आमचे एक जुने गिऱ्हाईक आहेत, वयाने माझ्या वडिलांच्या बरोबरीचे, रोज येऊन बाकावर बसतात, घेतात क्वचित. त्यांनी बसल्या बसल्या विचारलं, "शेठ, गोचिडीला फेटा बांधला म्हनं तुमी?"

"फेटा नाही आजोबा. केस बांधला."

"घोड्याचा?"

"हो."

"मंग वरात काढायची व्हती. घोडं व्हतंच."

बाकावरचे सगळे हसले. मीही हसलो. हसणं ओसरल्यावर म्हातारबा गुडघे चोळत म्हणाले, "पन जपा बरं का. माजी कालवड गेली त्याच तापानं. चांगली खात हुती, उधळत हुती. आमी म्हनलो, टळलं. आन् एका दिसात आडवी झाली. लई फसवा ताप त्यो."

मी कुणाला तरी द्यायची बियाण्याची पिशवी हातात धरून उभा राहिलो. कुणाला द्यायची तेच आठवेना.

पिल्लू मात्र मजेत होतं. माझ्या पायजम्याची नाडी ओढायचं, दुधाच्या किटलीवर भुंकायचं, कोंबडीने एकदा टोचलं म्हणून कोंबडीला सलाम करून जायचं. ओठ वर करणं हा त्याला खेळ वाटायला लागला होता; मी जवळ आलो की आपणहून तोंड पुढे करायचं. दिवस जात होते. मी हळूहळू गेटवरून परत येणं बंद केलं. मनातल्या मनात म्हणालो, टळलं. म्हणालो आणि लगेच जीभ चावली, पण म्हणून झालं होतं.

त्यानंतरची ती सकाळ. मी किटली उचलली तरी नाडीला कुणी लोंबकळलं नाही. बायकोची हाक आली. "अहो, इकडं या." हाक मोठी नव्हती, म्हणूनच मी किटली तिथेच ठेवली.

ती ओसरीच्या पायरीजवळ उभी होती, अनवाणी. पिल्लू तिच्या चपलांवर पडलं होतं आणि तिने चपला ओढून घेतल्या नव्हत्या. त्याने डोळे उघडून आमच्याकडे बघितलं, शेपटीचं टोक तेवढं हललं. समोर दुधात कुस्करलेली भाकरी तशीच, तिच्यावर साय धरलेली. कान हातात घेतला तर तवा. मी ओठ वर केला. पांढऱ्या हिरड्या कशाला म्हणतात ते कळायला आरसा लागला नाही. सोललेल्या मुळ्यासारख्या होत्या.

पिल्लू कसंबसं उठलं, दोन पावलं चाललं, आणि फरशीवरच त्याची लघवी झाली. बिनदुधाचा चहा सांडावा तशी. तपकिरी, तांबूस.

"गाडी काढा," बायको म्हणाली.

खताची पोती वाहायचा आमचा छोटा टेम्पो आहे. मी किल्ली शोधत होतो, ती माझ्या हातातच होती. बियाण्याच्या कंपनीच्या मेळाव्यात माझ्या खांद्यावर घातलेली सत्काराची शाल खुंटीला होती. बायकोने ती ओढली, पिल्लाला गुंडाळलं आणि पुढच्या सीटवर चढून बसली. तुमचं तुम्ही बघा म्हणणारी बाई. मी काही बोललो नाही. बोललो असतो तर ती उतरली असती, अशी मला भीती वाटली.

कारखान्याचा हंगाम चालू होता. राहुरीच्या रस्त्याला उसाचे ट्रॅक्टर, मागे दोन-दोन ट्रेलर, डुलत चाललेले. एकाला ओलांडावं तर पुढे दुसरा. अर्ध्या वाटेवर रांगच थांबली. पुढे एका ट्रेलरचं चाक बसलं होतं, ट्रेलर कलला होता आणि निम्मा ऊस रस्त्यावर. दोन्ही बाजूंना गाड्या, हॉर्न.

मला घाबरलो की बोलायची सवय आहे. मी बोलायला लागलो. यंदा ऊस कसा लांबला, ट्रेलर क्षमतेपेक्षा कसे भरतात, खरं तर या रस्त्याला साइडपट्टी...

"गप बसा जरा," ती म्हणाली. "मला त्याचा श्वास ऐकू येत न्हाई."

मी इंजिन बंद केलं. दोघंही ऐकत बसलो. श्वास होता. भरभर, उथळ, मध्येच थांबल्यासारखा व्हायचा. तेवढ्या वेळात आम्हीही आमचा सोडायचो नाही.

मग ती दार उघडून उतरली. पिल्लू पोटाशी धरून, अनवाणी, गाड्यांच्या कडेने पुढे चालायला लागली. मी मागे धावलो. तिकडे ऊसतोडीची माणसं मोळ्या उचलून कडेला रचत होती, त्यांच्या गतीने. मुकादम शिट्टी तोंडात धरून उभा होता.

"एक गाडी जाईल एवढी वाट द्या," ती त्याला म्हणाली. "लेकरू आजारी हाय."

मुकादमाने शालीकडे बघितलं. शालीतून शेपटी बाहेर लोंबत होती. तो काही बोलणार होता, पण मोळी डोक्यावर घेतलेली एक बाई मध्येच थांबली, एका हाताने शालीची कड वर केली आणि आत बघितलं.

"लई लहान हाय गं बाई," ती म्हणाली. मग मुकादमाला, "हात लावा की वो, का शिट्टीच वाजवताय?"

सगळ्यांनी हात लावला. मीही लावला. माझ्याने एकच मोळी उचलली गेली आणि उसाच्या वाळक्या पाचटाने तळहात कापला. माझी मोळी एका म्हातारीने माझ्या हातातून काढून घेतली, न मागता. टेम्पोची डावी चाकं कच्च्यात, उजवी सांडलेल्या उसावर, असे आम्ही त्या फटीतून निघालो.

डॉक्टर बाईंनी पिल्लाला टेबलावर घेतलं, हिरड्या बघितल्या, पोट दाबलं, पायातून रक्त काढलं. रक्तसुद्धा पातळ दिसत होतं. "गोचीड नक्की किती दिवस होती?" त्यांनी विचारलं.

"आठवडा तरी," मी म्हणालो. "म्हणजे, मी तिला केस बांधला होता."

"कुणाला?"

"गोचिडीला."

त्यांचा हात थांबला. बायको टेबलाच्या पलीकडून म्हणाली, "त्यांना चामखीळ वाटली."

डॉक्टर बाईंनी ओठ घट्ट मिटून थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग म्हणाल्या, "केसाने काही बिघडलं नाही. उशीर झाला, तेवढंच."

तेवढंच. त्या आत सूक्ष्मदर्शकाकडे गेल्या. भिंतीवर निरनिराळ्या जातींच्या कुत्र्यांचा तक्ता होता. आमच्या जातीचं त्यात कुणी नव्हतं. बायकोचा तळहात पिल्लाच्या छातीवर होता, आणि मी त्या हाताकडे बघत होतो. तो वर-खाली होतोय तोवर ठीक, असं धरून.

त्या बाहेर आल्या त्या हातमोजे चढवतच. "गोचीड तापच आहे. रक्त बरंच कमी झालंय. इंजेक्शन देते. हे दुखतं, घट्ट धरा." बायकोने धरलं. पिल्लू ओरडलंसुद्धा नाही, ते मला जास्त लागलं. मग सलाइन, मग गोळ्या कशा द्यायच्या ते सांगणं. उद्या सकाळपर्यंत तोंडात काही घेतलं नाही तर रक्त चढवावं लागेल, ते नगरला. आणि तोवर तेवढी ताकद राहायला हवी.

"ह्यातून उठतात का?" बायकोने विचारलं.

"उठतात," डॉक्टर बाई म्हणाल्या. आणि खोटं बोलायची सवय नसल्यामुळे पुढे म्हणाल्या, "सगळी नाही."

येताना रस्ता मोकळा झाला होता. 

दुकान उघडलं नाही. ओसरीवर खाट टाकली, खाटेवर शाल, शालीवर पिल्लू. एका बाजूला मी, एका बाजूला ती. ती चमच्याने गुळाचं पाणी त्याच्या गालाच्या कोपऱ्यात सोडायची. निम्मं आत जायचं, निम्मं शालीवर. एका गिऱ्हाइकाचा फोन आला, दुकान बंद का म्हणून. मी म्हणालो, घरात आजारी आहे. "कोन हो?" त्याने विचारलं. मी "लहान" एवढंच म्हणालो आणि फोन ठेवून दिला. तो बिचारा दिवसभर कोड्यात पडला असेल; आमचा लहान सुप्याला कंपनीत आहे आणि त्याला मिश्या आहेत.

संध्याकाळी धारा काढायला ती उठली तेव्हा मला म्हणाली, "हलू नका हितनं." मी हललो नाही. अंधार पडला, जेवण खाटेवरच झालं. कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा फटफटलं होतं. खाट रिकामी होती. शालही नव्हती.

मी आत बघितलं. बायको नव्हती. गोठ्यात बघितलं, गाई उभ्या राहून माझ्याकडे बघत होत्या. पायरीवर तिच्या चपला नव्हत्या. मग माझी नजर गोठ्याच्या कोपऱ्यात गेली. तिथे खोरं टेकवलेलं असतं. तिथे खोरं नव्हतं.

तिने मला उठवलं नाही. मागच्या वेळी मी नव्हतो म्हणून तिने एकटीने केलं. या वेळी मी होतो, शेजारीच घोरत होतो, तरी तिने एकटीने केलं. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण काय म्हणून हाक मारायची? अनवाणीच रानाकडे निघालो. पळत नव्हतो. पळून पोचायची घाई मला नव्हती. उलट ती वाट आणखी लांब असती तर बरं, असं वाटत होतं.

घासाच्या वाफ्यांशी ती दिसली. पाठमोरी, पदर खोचलेला, खोऱ्याने माती ओढत होती. मी बांधावर थांबलो. माती ओढली, थापटली, आणि पाटातलं पाणी खळ्ळकन पुढच्या वाफ्यात वळलं. पहाटे मोटारीची लाइट आली होती. ती घासाला पाणी देत होती.

आणि तिच्यापलीकडे, बांधाच्या कोरड्या जागी, सत्काराच्या शालीवर पिल्लू बसलं होतं. झोपलं नव्हतं, बसलं होतं. मान डुगडुगत होती, पण वर होती, आणि नजर खोऱ्याच्या पात्यावर होती. मला बघून ते उठलं. चारही पाय चार दिशांना. दोन पावलं आलं, तिथेच खाली बसलं आणि त्याची लघवी झाली.

मी चिखलात गुडघे टेकले आणि वाकून बघितलं. पिवळी होती. गडद, हळदीच्या पाण्यासारखी, पण पिवळी. मी तोंड आणखी खाली नेऊन बघितलं, उजेड अजून कमी होता. कुणी त्या वेळी बांधावरून गेलं असतं तर केसाची गोष्ट विसरून त्याने ही सांगितली असती. माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मी ते पुसलं नाही, कारण हात चिखलाचे होते.

"दोन घास खाल्ले," ती मागून म्हणाली. "दूध-भाकरी. लाइट आली तवा उठले, तर हेही उठून बसलं. माझ्या हातातनं खाल्लं."

"मला उठवायचं तरी."

खोऱ्यावर हात टेकून ती पिल्लाकडे बघत होती. ते आता तिच्या पायाकडे यायला निघालं होतं, लडबडत, मध्ये मध्ये बसून. ती त्याला घ्यायला पुढे झाली नाही, पण मागेही सरली नाही. ते पोचेपर्यंत तशीच उभी राहिली.

मग म्हणाली, "मागल्या खेपेला मला वाटलं, मी लई जीव लावला म्हणून गेला तो. म्हणून ह्याला लावलाच न्हाई मी. तरी पडलंच की आजारी." तिने खोरं उचललं. "मंग न लावून काय मिळालं? सरका आता तिकडं, तुमच्या गुडघ्याखाली पाट फुटलाय."